घेता का थंड?

नोकरी सोडून प्रवीणला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. सकाळ मिळणार होती. पुण्यात त्यानं सकाळ पाहिली ती कंपनीच्या बसच्या काचेतून, तीही अर्धी झोपेत. सौंसर, त्याचं गाव, मिळणार होतं. आईच्या हातचा झुणका मिळणार होता. माघात संध्याकाळी बागांवरून गावात उतरणारा संत्र्याच्या फुलांचा वास मिळणार होता, जो अजून कोणी बाटलीत भरून विकलेला नाही. आणि दोन मशीन, नोट टाकली की बाटली देणारी, काचेची, उजेडाची, त्याच्या स्वतःच्या मालकीची. जमेची बाजू अशी भरगच्च. खर्चाला त्यानं एकच गोष्ट धरली: ऑफिसातली चाकांची एक काळी खुर्ची, पाठीला आधार असलेली. ती खुर्ची पुण्यात असली तरी तिच्यावर सौंसरात आणखी कोण बसलेलं होतं, हे त्याच्या हिशेबात आलं नाही. हिशेब चुकतात ते बेरजेत कमी, विसरलेल्या नोंदीत जास्त.

मशीनचं वेड त्याला ऑफिसातच लागलं होतं. दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळ एक होतं. प्रवीण आकडे जुळवून कंटाळला की तिथं जाऊन उभा राही. मोठ्या साहेबानं बटण दाबलं काय आणि फरशी पुसणाऱ्या बाईनं दाबलं काय, बाटली त्याच चालीनं पुढं सरके आणि त्याच आवाजात खाली पडे. मशीन नाव विचारत नाही. आडनाव तर नाहीच. प्रवीणला हे इतकं सुंदर वाटे की बाटली हातात घ्यायची राहून जाई.

सुंदर वाटायला कारण होतं. सौंसरच्या बसस्टँडवर पूर्वी जे हॉटेल होतं, त्याच्या मागच्या भिंतीला एक खिळा होता आणि खिळ्याला एक पितळी पेला. तो प्रवीणच्या आजोबांचा आणि त्यांच्या वस्तीतल्या बाकीच्यांचा. पैसे आधी टाकायचे, पेला आपणच काढायचा, चहा वरून ओतला जायचा, पेला आपणच धुऊन पुन्हा टांगायचा. प्रवीणचा बाप शालिकराम हे हसत सांगे, त्यामुळे पोराच्या ते जास्तच आत गेलं. पुण्यात त्या मशीनसमोर उभं राहिलं की त्याला वाटे, आपण एक दिवस हे त्याच स्टँडवर नेऊन ठेवू. खिळा नाही, पेला नाही, वरून ओतणारा हात नाही.

बायको करुणा लोधीखेड्याची. तिचे वडील दुसऱ्यांच्या संत्राबागांत ओलिताचं काम करत, म्हणून झाडांचं वेळापत्रक तिला कॅलेंडरपेक्षा पक्कं ठाऊक. मशीन येऊन दाखल झाली तेव्हा बागांना आंबिया बहाराची फुलं लागली होती. ती म्हणाली, "हे पाहा, फुलं आली हायेत. फुलाचं फळ धरेस्तोवर मी काही म्हणत नाई. तुमचं बी धरलं तर धरलं. नाई धरलं तर अमिता मॅडमले फोन लावायचा."

अमिता मॅडम म्हणजे पुण्याच्या वरिष्ठ. मार्च संपेपर्यंत खुर्ची रिकामी ठेवते, म्हणाल्या होत्या. दोन बायकांनी दोन भाषांत एकच मुदत दिली होती.

एक मशीन पांढुर्ण्याला, रेल्वे स्टेशनच्या बाहेर. ते पहिल्या आठवड्यापासून चाललं. उतरणारा माणूस घाईत, चढणारा त्याहून घाईत, कोणी कोणाला ओळखत नाही. नोट सरकवायची, बाटली उचलायची, पळायचं. पांढुर्ण्याचं मशीन आपलं पोट आपण भरत होतं. पण घर चालायचं तर सौंसरचंही चालायला हवं होतं, आणि प्रवीणचा जीव होता तोही सौंसरच्याच मशीनमध्ये.

सौंसरचं मशीन उभं होतं स्टँडच्या शेडखाली, नागपूरची बस लागते त्या बाजूला. पाणी, ताक, संत्र्याचा रस, चिवड्याची पाकिटं. काचेवर संत्र्याचं एक फोडलेलं चित्र, पाठीमागून उजेड. संध्याकाळी शेडमध्ये अंधारून आलं की ते एकटंच पेटल्यासारखं दिसे, आणि त्याची मंद घरघर ऐकत बाकावर बसलेली माणसं जराशी सैल होत, डोळे मिटत. बागांतून वाट चुकलेल्या मधमाश्या येत, चित्रातल्या फोडींवर बसत, काचेवरून घसरत, पुन्हा बसत. पहिल्या महिन्यात सगळ्यात नेमानं आलेलं गिऱ्हाईक म्हणजे या मधमाश्या. त्यांच्याकडं नोटा नव्हत्या.

माणसं यायची. पाहायची. मशीनभोवती फिरून मागं कुठं माणूस बसलाय का ते बघायची. मग रस्ता ओलांडून कवडूच्या टपरीवर चहा प्यायला जायची.

कवडू म्हणजे त्या जुन्या हॉटेलवाल्याचा मुलगा. हॉटेल गेलं, टपरी राहिली. मशीन उतरवलं त्या दिवशी त्याचं तोंड उतरलं होतं. पंधरा दिवसांत ते पुन्हा वर चढलं, नंतर तर त्यावर लाली आली. त्याची बायको वच्छला गाळणी आपटत प्रवीणला म्हणाली, "भाऊ, तुमचं मशीन लय लक्षुमीचं हाय बाप्पा. लोक ते पाहाले येतात आन् चहा आमचा पिऊन जातात. दुसरं बी आणून ठेवा न इथंसा."

प्रवीण हसला. पुण्यात त्यानं अकरा वर्षं माणसं का घेतात आणि का घेत नाहीत याचे रंगीत तक्ते बनवले होते. आता तो बाकावर बसून बघत होता आणि त्याला काही उमगत नव्हतं. एकदा उत्तम गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, तहानलेले, खिशात हात घातलेला. मशीनपासून दोन हातांवर पोचले, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "नमस्कार गुरुजी." गुरुजींचा हात खिशातून बाहेर आला, रिकामा, आणि कान खाजवू लागला. ते बराच वेळ कान खाजवत उभे राहिले. नमस्कारवाला गेला नाही. शेवटी दोघं मिळून कवडूकडं गेले.

उलगडा झाला तो दोन व्याह्यांमुळं. एक सौंसरचे, एक छिंदवाड्याकडचे; हे दुसरे लेकीला भेटून परत निघालेले. ऊन चांगलंच तापलं होतं. सौंसरच्या व्याह्यानं ऐटीत खिशातून वीसची नोट काढली.

"राहू द्या न इवाईबुवा," पाहुणा म्हणाला. "सकाळपासून तुमचंच खाऊन राहिलो. थंड तरी माह्याकडून."

"आमच्या गावात तुम्ही देता का? काय म्हणतील लोक?"

"लोक कायले म्हंतात. सरका तिकडं."

एकानं नोट फटीत सरकवली, दुसऱ्यानं काखेतून हात घालून मोबाईल कोडावर धरला. मशीननं दोघांचेही घेतले. दोन बाटल्या धडाधड पडल्या. मग सौंसरचा व्याही मशीनला म्हणाला, अगदी कळवळून, "अबे, पाहुण्याचे काऊन घेतले?"

मशीन घरघरत राहिलं.

कवडूच्या टपरीवर असं कधी झालं नसतं. तिथं दोन हात एकदम पुढं येत, दोघेही ओरडत, "त्याहीचे घेऊ नको." कवडू एकदा इकडं, एकदा तिकडं पाही, आणि ज्याचे घ्यायचे त्याचेच घेई. दुसऱ्याची नोट मागं ढकलली जाई, ढकललेला खोटं रागावे, आणि सगळ्यांचा मान जिथल्या तिथं राही. व्याह्यांनी न उघडलेल्या बाटल्या काखेत मारल्या आणि झालेलं प्रकरण मिटवायला ते कवडूकडंच गेले.

बाकावर बसल्या जागी प्रवीणला सगळं दिसलं. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर माणूस एकटा असतो, म्हणून घेतो. सौंसरच्या स्टँडवर कोणी एकटा नसतो. ओळखीच्या माणसांदेखत एकट्यानं, स्वतःपुरती, विचारल्याशिवाय बाटली काढून पिणं म्हणजे पंगतीतून ताट उचलून कोपऱ्यात जाऊन बसणं.

हे त्यानं रात्रीच्या जेवणाला घरी सांगितलं. शालिकराम खाली मान घालून जेवत होता. शालिकरामची गोष्ट अशी की तो नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. कोणत्या गल्लीला कधी पाणी, ते त्याच्या हातात. सगळं गाव त्याच्या हातचं पाणी पीत होतं, फक्त नळातून. पोरगा पुण्याला लागल्यापासून तो इस्त्रीचा शर्ट घालून रोज कवडूच्या बाकड्यावर बसे आणि जो येईल त्याला म्हणे, "घ्या चहा. पोरगा कंपनीत हाय." प्रवीण परतल्यापासून त्यानं स्टँडचं नावच टाकलं होतं. त्या काळ्या खुर्चीवर सौंसरात कोण बसलेलं होतं, ते आता कळलं.

"येवढं समजाले तुले माघ गेला," शालिकराम म्हणाला. मग पाणी प्यायला, आणि सावकाश बोलला. "तुह्या आज्याले पेला येगळा होता, तेच तुह्या डोक्शात बसलं. पण पेल्याचं काही नाई रे. पितळच ते. वाईट काय होतं सांगू? कोणी म्हणत नसे, 'घेता का?' पैसे टाका, येगळं उभं राहा, प्या, चालते व्हा. तुह्यं मशीन बी तेच करते."

करुणानं पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि ती किंचित करपली.

मग तीच म्हणाली, "मामाजी, मंग तुम्हीच बसा न तिथं. विचारणारं माणूस घरातच बसून हाय."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट निघाला. मशीनशेजारी प्लास्टिकची खुर्ची आली, तिला चाकं नव्हती. शालिकराम तिच्यावर बसला आणि उत्तम गुरुजी दिसताच म्हणाला, "जय भीम गुरुजी. घेता का थंड?"

आता इथं प्रवीणचा दुसरा हिशेब चुकला. सौंसरात जो विचारतो तो देतो. शालिकरामनं गुरुजींना विचारलं, नोट आपल्याच खिशातून काढली, आणि ताक पाजलं. मग छिंदवाड्याच्या बसच्या ड्रायव्हरला पाजलं. मग आणखी कोणाला. संध्याकाळी प्रवीणनं डोकं धरलं. बापाची पेन्शन मशीनच्या फटीतून पोराच्या खिशात येत होती, आणि याला धंदा म्हणायची सोय नव्हती.

"बाबा, असं नाई चालत."

"बियाणं टाकून राहिलो," शालिकराम म्हणाला. "तू नोकरीतला माणूस. तुले महिन्याच्या महिन्याले पायजे."

आणि उगवलं. एकदा मशीनचं ताक प्यायलेला माणूस दुसऱ्याला ते पाजायला मोकळा झाला. गुरुजींनी नमस्कारवाल्याला विचारलं, "घेता का थंड?" नमस्कारवाल्यानं दोन दिवसांनी आपल्या साडूला. दोन हात एकदम पुढं आले की शालिकराम खुर्चीतून एकाचा हात धरी. "तुम्ही नाई. आज त्याहीचे." कोणाचे घ्यायचे हे त्याला कवडूइतकंच कळत होतं, तीस वर्षं कोणत्या गल्लीला आधी पाणी द्यायचं हे ठरवलेला माणूस. फाल्गुन लागला. दुपारी शेडमध्ये गार घरघर, बाहेर पांढरं ऊन, अर्धवट मिटलेले डोळे, आणि मधूनच कोणीतरी स्वप्नातून बोलल्यासारखं, "घेता का?" मग बाटली पडल्याचा आवाज. प्रवीणला वाटे, आपण झोपलोय आणि पुण्याचा दुसरा मजला इथं चालत आलाय, पण साहेब आणि बाई आता एकमेकांना विचारताहेत.

हे सगळं गोड होतं, आणि यातच एके दिवशी त्याला ते दिसलं. उत्तम गुरुजींनी पाहुण्यांना पाजलं. पाहुण्यांनी गुरुजींना. ड्रायव्हरनं कंडक्टरला. शालिकरामनं सगळ्यांना. शालिकरामला कोणीच नाही.

त्यानं आठवून पाहिलं. कवडूच्या बाकड्यावरही बाबाच देत. वर्षानुवर्षं. घेणारे आनंदानं घेत, पोराची चौकशी करत, आणि बाबांच्या चहाचे पैसे कायम बाबांच्याच खिशातून जात. कुणी वाईट वागलं नव्हतं. फक्त तो प्रश्न उलट्या दिशेनं कधी आला नव्हता.

आता मशीन चालत होतं, पण प्रवीणनं संध्याकाळी विक्रीचा आकडा पाहणं सोडलं. हे करून कुणाला काय मिळवून दिलं, असं त्याला झालं. गुरुजींच्या कानात सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं दिलं असतं. पण सांगून आलेला प्रश्न शालिकरामनं दुरून ओळखला असता. करुणाला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग फोन लावा अमिता मॅडमले. तिथं तरी कोणी कोणाले विचारत नाई, सगळे सारखे."

ती चिडवत होती की खरं बोलत होती, हे त्याला कळलं नाही. त्यानं मनात ठरवून टाकलं: फळ धरेपर्यंत बाबांना एकानं जरी विचारलं तर राहायचं. नाही तर मशीन पांढुर्ण्याला हलवायचं, खुर्चीवर परत जायचं, आणि बाबांनी पुन्हा कंपनीतल्या पोराच्या नावानं चहा पाजावा. तेवढं तरी त्यांचं त्यांना परत मिळेल.

मग शालिकराम तापानं पडला; रात्री त्याच्या उशाशी करुणा जागे. खुर्ची रिकामी. पहिल्या दिवशी तीन जणांचे हात एकदम पुढं आले आणि मशीननं तिघांचे घेतले. दुसऱ्या दिवसापासून लोक पुन्हा कान खाजवू लागले. गंमत म्हणजे कवडूकडंही सामसूम झाली. गारव्याला थांबलेली माणसं मग चहाला वळत, तीच थांबेनाशी झाली. वच्छला प्रवीणला रोज विचारी, "कसं हाय शालिकरामभाऊचं?" कवडू विचारत नसे. तो चहा ओतता ओतता रिकाम्या खुर्चीकडं बघे आणि चहा बशीत सांडे.

करुणा माहेरी जाऊन आली त्या दिवशी तिनं पदराच्या गाठीतून वाटाण्याएवढं हिरवं काहीतरी काढून प्रवीणच्या तळहातावर ठेवलं. "फुलं झडली. फळ धरलं," ती म्हणाली. एवढंच.

त्याच दुपारी शालिकराम खुर्चीवर परत आला. शर्ट इस्त्रीचा, आतला माणूस चुरगळलेला. बसल्या बसल्या त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला. प्रवीणच्या खिशात फोन थरथरू लागला. अमिता मॅडम.

समोरून कवडू रस्ता ओलांडत होता. टॉवेलनं हात पुसत, मान खाली, स्वतःच्याच दुकानाला पाठ दाखवून. त्याला यात काय मिळणार होतं ते उघड आहे: खुर्ची भरली की बाकडं भरतं. कवडू काही आंधळा व्यापारी नव्हता. पण रस्ता ओलांडताना त्याची चाल व्यापाऱ्याची नव्हती, शाळेत उभं केलेल्या पोराची होती. जुन्या हॉटेलात चहा वरून ओतायचं काम लहानपणी त्याच्याचकडं असे.

तो शालिकरामसमोर येऊन उभा राहिला. बाकावरच्यांचे डोळे उघडले.

"राम राम."

"जय भीम, कवडूभाऊ. बसा. घेता का..."

"थांबा," कवडू म्हणाला. "तुम्ही थांबा जरा." मग मशीनकडं पाहत म्हणाला, "शालिकरामभाऊ, घेता का थंड?"

शालिकरामचा हात खिशातच राहिला. कवडूनं नोट काढली. चहाच्या गल्ल्यातली नोट ती, ओली, साखरेनं चिकट. त्यानं फटीत सरकवली. मशीननं र्र्र केलं आणि नोट बाहेर काढली. त्यानं पुन्हा सरकवली. पुन्हा बाहेर. कवडूच्या मानेवर लाली चढली. त्याचे पैसे घेतले जात नव्हते, सगळ्यांदेखत, आणि कुणाशी भांडायचं तेही कळत नव्हतं.

प्रवीण मोबाईलवरून एक कळ दाबून बाटली फुकट पाडू शकला असता. त्यानं थरथरणारा फोन खिशातच दाबून धरला.

"राहू द्या न कवडूभाऊ," शालिकराम उठत म्हणाला. "मी देतो."

"तुम्ही नाई द्यायचे." कवडूनं त्याचा हात धरला, मनगटाशी, घट्ट. "आयुष्यभर तुम्हीच देऊन राहिले."

"माह्या पोराच्या मशीनवर तुम्ही देता का?"

"मंग कोणाच्या मशीनवर देऊ? माह्या टपरीवर मी मलेच देऊ का?"

बाकावर कोणीतरी हसलं. कवडूनं नोट टॉवेलवर पुसली, मशीनच्या बाजूच्या गरम पत्र्यावर चिकटवून तळव्यानं दाबून धरली, आणि सगळे वाट बघत राहिले. शेड घरघरत होती. एक मधमाशी चित्रातल्या संत्र्यावर बसली, घसरली. फोन थांबला. कवडूनं नोट सोलून काढली, सरळ केली, फटीत धरली. मशीननं ती ओढून घेतली.

आणि कवडू बटण शोधतोय तेवढ्यात शालिकरामनं त्याच्या काखेतून हात घालून आपली नोट सरकवली.

"अबे, त्याहीचे काऊन घेतले?" कवडू मशीनवर ओरडला.

दोन बाटल्या पडल्या. दोघांनी उभ्या उभ्या त्या उघडल्या. शालिकरामनं पहिला घोट घेऊन डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. ताक फार गार होतं म्हणाला नंतर.

संध्याकाळी प्रवीणनं पुण्याला फोन लावून नाही म्हणून सांगितलं. करुणानं ते हिरवं फळ देवळीत ठेवून दिलं. "धरलं," ती म्हणाली, "पण फळाची गळ अजून व्हायची हाय. लय उडू नका." बाहेर अंधारात उरलेल्या फुलांचा शेवटचा वास होता, इतका पुसट की आहे की आठवतोय ते सांगता येऊ नये.

तर कोणी काय दिलं, ते मिटवून टाकू. पहिल्या बाटलीचे कवडूनं दिले. दुसरीचे शालिकरामनं. काळ्या खुर्चीचे प्रवीणनं, आणि तापातल्या काळजीचे करुणानं, जे कुणी तिला विचारले नाहीत. स्वतःच्या तहानेचे त्या फाल्गुनात सौंसरच्या स्टँडवर कोणीच दिले नाहीत. आणि खिळ्यावरच्या पेल्यातल्या चहाचे? ते प्रवीणच्या आजोबांनी. तेव्हाच, आधी, रोख.